मक्याचे पराग: दुसऱ्या हंगामाची नोंद

वोल्फगांग लाईब या जर्मन कलावंताने २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये सुमारे १८ बाय २१ फूट जागेवर हेझलनटचे पराग चाळून पसरले होते. ते पराग त्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दक्षिण जर्मनीतील आपल्या गावाच्या परिसरात स्वतःच्या हातांनी गोळा केले होते. त्याच पद्धतीने, आपल्याकडे मुबलक मिळणाऱ्या मक्याच्या परागांचा एक फूट चौरस करावा, असे मी गेल्या वर्षी ठरवले.

खरिपात पावसाने तुरे भिजत राहिले आणि जे थोडे पराग मिळाले, ते ओलसर असतानाच बरणीत भरल्यामुळे त्यांना बुरशी आली. म्हणून या वेळी रब्बीचा मका निवडला. कणसांत दाणे भरण्यासाठी पराग लागतातच, त्यामुळे शेतमालकांच्या परवानगीने केवळ बांधाकडच्या दोन ओळींतील तुरे, दव सुकल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, कागदी पिशवीत हलकेच झटकले. आठ सकाळी मिळून साठ ग्रॅम पराग जमले. तुऱ्यातून सोबत पडलेले परागकोश आधी पिठाच्या चाळणीने काढले, मग सावलीत सुकवून सर्व वस्त्रगाळ केले, तेव्हा बावन्न ग्रॅम उरले. उन्हात ठेवलेला नमुना दोन दिवसांत फिकट पडला, हे इतरांनीही ध्यानात ठेवावे.

खरी कसोटी चाळताना लागली. रांगोळीची सवय असलेला हात चिमटीतून रेघ ठळक सोडू पाहतो. लाईब यांच्या चौरसाची कड मात्र जमिनीत विरत जाते आणि तो रंग जमिनीपासून किंचित वर तरंगत असल्यासारखा भासतो. मलमल ताणलेली चौकट वीतभर उंचीवर धरून बोटाने टिचकी मारत गेलो, तेव्हा तिसऱ्या प्रयत्नात कड तशी मऊ उतरली. तुलनेसाठी शेजारी हळद पसरून पाहिली. तिचा पिवळा दाट आणि बसका दिसतो, परागांचा मात्र कण न् कण प्रकाश धरतो. थर जेमतेम एक मिलिमीटरचा झाला.

लाईब प्रदर्शन संपल्यावर पराग पुन्हा बरण्यांत भरतात. मऊ कुंचल्याने मीही ते गोळा केले, आणि सत्तेचाळीस ग्रॅम परत मिळाले. पुढच्या रब्बीत याच बरणीत भर घालून दोन फुटांचा चौरस करायचा आहे.