टनावर, कोनावर नाही

"साहेब, आम्हाला पैसे टनावर मिळतात, कोनावर नाही."

कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून वेढणारी रिंग हातात धरून सळया बांधणारे फिटर मामा आज शांतपणे म्हणाले. रिंगची दोन्ही टोकं काटकोनात वळवलेली. मी नुकतंच आयएस 13920, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं भारतीय मानक, ऐकवलं होतं: हूक, म्हणजे रिंगचं वळवलेलं टोक, 135 अंशांचा हवा, टोक आत काँक्रीटमध्ये घुसलं पाहिजे. भूकंपात रिंगबाहेरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, उडालं की 90 अंशांचा हूक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात.

मामांना हे सगळं माहीत होतं. पाना लावला आणि बघता बघता हूक आत वळवून दाखवला. एकदम सुबक. "आता ही रिंग सळ्यांत अडकवून बघा," म्हणाले. अडकवली. घाम फुटला. "अशा एका कॉलमला किती, मोजा. वजन तेवढंच भरतं."

मी ट्रेनी. माझ्या स्टायपेंडला कोन नाही न् टनही नाही, त्यामुळे नियम सांगणं मला परवडतं.

परवा कॉलेजची इंटर्नल परीक्षा आहे म्हणून बसमध्ये वही उघडली. रिंगांमधलं अंतर काढायचं गणित पानभर, मार्कही त्यालाच. हुकाला एक ओळ. आणि एस्टिमेशनच्या, म्हणजे बांधकाम खर्चाच्या अंदाजाच्या, वहीत सळई वाकवून बांधायची मजुरी मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेली, दर टनाला.

सिव्हिलवाल्यांनो, हुकाचे वेगळे पैसे धरलेलं मजुरीचं कंत्राट कुणी पाहिलंय का? खरंच विचारतोय.