वर्षाच्या बोलीवर लांडगा

मागच्या रविवारी टोकियोहून चिचिबूला गेलो आणि तिथून बसने घाट चढत सव्वा तास, पोटात ढवळायला लागलं तेव्हा कुठे मित्सुमिने देऊळ आलं. जपानी देवळांबाहेर एरवी सिंहासारखे गुबगुबीत कुत्रे बसलेले असतात, इथले दगडी कुत्रे मात्र बरगड्या मोजून घ्याव्यात इतके वाळलेले, मी म्हटलं यांना कोणी खायला घालत नाही का, तर जपानी मैत्रीण हसायलाच लागली. म्हणे कुत्रे नाहीत गं, ओकामी आहेत, लांडगे!

म्हणजे आपल्याकडे वाघोबा तसा हा यांचा लांडगोबा. हरणं आणि रानडुकरं शेत फस्त करायची, लांडगा त्यांना मारायचा, म्हणून शेतकऱ्यांनी त्याला देव केला. मग 18व्या शतकात रेबीज आला, लांडगे माणसांना चावायला लागले आणि याच देवामागे लोक बंदुका घेऊन धावले. होन्शू या जपानच्या मुख्य बेटावरचा शेवटचा नक्की माहीत असलेला लांडगा 1905च्या जानेवारीत नारा भागातल्या एका खेड्यात, तोही मेलेलाच, माल्कम अँडरसन नावाच्या अमेरिकन माणसाने शिकाऱ्यांशी घासाघीस करून 8 येन 50 सेनला घेतला. त्याचं कातडं आणि कवटी आता लंडनच्या म्युझियममध्ये आहे.

टोकियोतल्या उएनोच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेला एक आहे, तो मी आधी बघितला होता. खरं सांगू? आखूड पाय, गल्लीतल्या मोत्याएवढाच, लांडगा म्हणून पाटी नसती तर मी पुढे गेले असते. याच म्युझियमच्या त्सुकुबा गावातल्या गोदामात असाच एक पडून होता, तो लांडगा असावा हे एका प्राथमिक शाळेतल्या मुलीने ओळखलं आणि 2024 मध्ये त्यावर चक्क शोधनिबंध आला.

आणि कमाल म्हणजे, लांडगे जाऊन शंभरच्या वर वर्षं झाली तरी हे देऊळ अजून लांडगा उसना देतं! चोर आणि आगीपासून राखण करायला कागदी ताईतासारखं काहीतरी घरी न्यायचं आणि वर्षाने परत आणून द्यायचं. मैत्रिणीने घेतला, मग मीपण घेतला.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला, म्हणाली, "वर्षाने परत द्यायचाय म्हणजे पुढच्या वर्षीपण तू तिकडेच का?"