रजा दोघांची, शाळेचा फोनही दोघांना

स्वीडनमध्ये मूल झालं की आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची पालक-रजा मिळते. त्यातले ३९० दिवस पगाराच्या साधारण ८० टक्के रक्कम (तिलाही वरची मर्यादा आहे) आणि उरलेले ९० दिवस रोजचे १८० क्रोनर (हे स्वीडनचं चलन). भारतात हे कुणाला सांगितलं की प्रतिक्रिया ठरलेली असते, "मज्जा आहे बुवा तुमची!" आहेच, नाही कशाला म्हणू? पण मला त्या रजेतली एक अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ९० दिवस आईचे आणि ९० दिवस वडिलांचे राखीव असतात, ते एकमेकांच्या नावावर करता येत नाहीत. बापाने घेतले नाहीत तर बुडाले. आणि हक्काचे पैसे बुडू देणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमच्याकडेही तसंच झालं. लेक वर्षाची व्हायच्या सुमारास मी ऑफिसला परत जायला लागले आणि इथल्या, म्हणजे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराच्या, त्या अंधाऱ्या हिवाळ्यात नवरा तिच्याबरोबर घरी राहिला. घरी म्हणजे एकटा. हा "एकटा" शब्द तरुण जोडप्यांनी नीट ऐकावा. दोघं एकत्र घरी असतात तेव्हा आई मुकादम होते आणि बाबा हाताखालचा माणूस: "जरा डायपर दे", "तिला धर पाच मिनिटं". बाबा कामं भरपूर करतो, पण पुढची गोष्ट कधी लागणार हे आठवायचं काम आईच्याच डोक्यात राहतं. लस कधी आहे, बूट लहान झालेत का, ताप किती तासांपूर्वी मोजला होता. आई दाराबाहेर पडली की हे सगळं आपसूक बाबाच्या डोक्यात शिरतं, सांगावं लागत नाही. सांगू नयेच. ऑफिसातून दर तासाला फोन करून "स्वेटर घातलास का" विचारायचं असेल तर रजा वाटून घेण्यात अर्थ नाही. त्याची पद्धत वेगळी असणार. मोजे विजोड असतील, जेवण चाळीस मिनिटं उशिरा होईल. मूल टिकतं.

इथे मूल वर्षाचं झालं की त्याला बालवाडीचा, म्हणजे फर्स्कूलाचा, हक्क मिळतो. सुरुवातीचे काही दिवस आई किंवा बाबाने तिथे मुलाबरोबर बसायचं, मग हळूहळू निघून जायचं, अशी पद्धत आहे. हे दिवस बाबाने घ्यावेत असा माझा आग्रह असतो. कारण अगदी व्यवहारी आहे. तिथल्या ताईंना जो चेहरा ओळखीचा होतो, मूल पडलं किंवा तापलं की फोन त्यालाच जातो. शाळेचा फोन पहिल्यांदा कुणाला येतो एवढं एक पाहा, त्या घरातली वाटणी कळेल. भारतातल्या शाळांच्या फॉर्मवरही संपर्काचे दोन रकाने असतात. वरच्या रकान्यात बाबाचा नंबर घालून पाहा, आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्येही त्यालाच राहू द्या.

मूल आजारी पडलं तर घरी राहायला वेगळी भरपाई आहे. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत, वर्षाला १२० दिवसांपर्यंत. इतकी सोय असूनही नवराबायकोची भांडणं नेमकी इथेच होतात. सकाळी सात वाजता नाक वाहणारं मूल मध्ये आणि दोन्हीकडून "माझी मीटिंग जास्त महत्त्वाची". आम्ही रविवारी रात्री दोघांची कॅलेंडरं समोर ठेवून बसतो. सोमवारी कुणाचा नंबर, मंगळवारी कुणाचा, हे मूल ठणठणीत असतानाच ठरतं. तापाच्या सकाळी कुणीही न्यायबुद्धीने बोलत नाही. त्याच बैठकीत बिलं, किराणा, शाळेचं पत्रक, सगळं उरकतं. त्यामुळे आठवडाभर एकमेकांशी बोलताना फक्त कामाचीच वाक्यं निघत नाहीत. जोडप्यातलं प्रेम आटण्याची सुरुवात बहुतेक वेळा "दूध आणलंस का"पासून होते, असं माझं मत आहे.

संध्याकाळचंही तसंच. इथली लहान मुलं सात-साडेसातला झोपतात आणि उरलेली संध्याकाळ आईवडिलांची असते. वेगळ्या खोलीत बाळाला झोपवणं आम्हाला जमलं नाही, खरं तर जमवायचंही नव्हतं. पण लवकर झोपवणं आम्ही उचललं. परक्या देशातलं सगळं घ्यायला हवं असं थोडंच आहे! मात्र ते दीड-दोन तास फोन बाजूला ठेवले तरच कामाचे, नाहीतर एका सोफ्यावर दोन अनोळखी माणसं.

मारण्याबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अर्धवट राहील. मुलांना मारण्यावर, घरातसुद्धा, बंदी घालणारा स्वीडन जगातला पहिला देश. कायदा १९७९ चा. लोकांपर्यंत तो पोचावा म्हणून दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर त्याची माहिती छापली होती, म्हणजे सकाळच्या न्याहारीला आईबाप आणि मुलं दोघांच्या समोर. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शिक्षेला मनाई केली, घर मात्र मोकळं राहिलं. "एक धपाटा घातला तर काय बिघडतं" म्हणणारी मंडळी इथे आल्यावर कायद्याला घाबरून हात आवरतात, आणि मग हातात दुसरं काहीच उरत नाही म्हणून गोंधळतात. दुसरं काय करायचं? कमी बोलायचं. मुलाच्या उंचीला बसायचं, नियम एका वाक्यात सांगायचा आणि आपटाआपट चालू असताना वाटाघाटी करायच्या नाहीत. मुख्य म्हणजे दोघांपैकी ज्याचा पारा चढलाय त्याने खोलीबाहेर जायचं आणि दुसऱ्याने आत यायचं, टोमणा न मारता. "बघ, तुला जमतच नाही" हे वाक्य मुलासमोर निघालं की मुलाचा प्रश्न राहतो बाजूला.

आता आजी-आजोबांविषयी. व्हिजिटर व्हिसावर ते साधारण ९० दिवस येतात आणि आम्ही त्या दिवसांची वर्षभर वाट पाहतो. पहिल्या आठवड्यात घर भरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात सासूबाई मुलाच्या हातातून व्हॅक्यूम क्लीनर काढून घेतात, "राहू दे रे, दमून आलास." तो लगेच पुन्हा त्यांचा बाळ्या होतो आणि मी पुन्हा सूनबाई. माझी आई आली की उलट होतं: जावईबापूंना पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मिळतो. कुणाचंही वाईट मन नसतं, सगळं मायेपोटीच. पण तीन महिन्यांनी विमानतळावरून परत येताना घडी विस्कटलेली असते आणि भांडायला दोघंच उरतात.

यावर आम्हाला एकच उपाय लागू पडला: ज्याचे आईवडील, त्याने बोलायचं. माझ्या सासूबाईंना मी काही सांगितलं की ती तक्रार ठरते, त्यांच्या मुलाने सांगितलं की तो लाडाचा हट्ट ठरतो. "आई, संध्याकाळची आंघोळ माझी आणि पोरीची, त्यात कुणी यायचं नाही," एवढं तो तिकिटं काढतानाच फोनवर म्हणाला. आणि त्यांना त्यांचं असं काम हवंच. दुपारी नातीला झोपवणं, गोष्टी सांगणं, तिचं मराठी बोलतं ठेवणं, यात आम्ही तोंड घालत नाही. सासरे तिला बाराखडी शिकवताना तीही त्यांना स्वीडिश रंगांची नावं शिकवते आणि दोघं एकमेकांचे उच्चार दुरुस्त करत बसतात.

जोडप्यात खरंच ताणलं गेलं तर? इथे प्रत्येक नगरपालिकेला कुटुंब समुपदेशनाची सोय करावीच लागते, थोडी फी भरून, आणि नाव न सांगताही जाता येतं. लहान मुलं असलेल्यांनी घटस्फोटाचा अर्ज केला तर सहा महिने विचार करायला दिले जातात. आपली माणसं मात्र समुपदेशनाला फार उशिरा जातात, वकील गाठायच्या थोडं आधी. किरकोळ कुरकुर असताना जा, तेव्हाच उपयोग होतो.

भारतात राहणाऱ्यांना कायद्याची अशी साथ नाही. आईला २६ आठवडे आहेत, केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, खासगीत कंपनीच्या मर्जीवर. तरी आठवड्यातून एक सकाळ आईने घराबाहेर काढावी, आजीलाही सोबत न्यावं आणि बाबाला मुलाबरोबर सोडावं. याला कुठलाही कायदा लागत नाही.

इकडे यायचा विचार करणारे हमखास विचारतात की बाळ आधी की व्हिसा आधी. हिशेब असा: मूल वयाच्या दुसऱ्या वर्षात असताना आलात तर दोघांना मिळून पालक-रजेचे २०० दिवस मिळतात, त्यानंतर आलात तर १००. बाळ इथे होणार असेल तर अपेक्षित तारखेआधी किमान २४० दिवस नोकरी झालेली हवी, नाहीतर सुरुवातीचे महिने पगाराच्या हिशेबाने नाही, रोजच्या २५० क्रोनरवर काढावे लागतात. आणि मूल चार वर्षांचं झाल्यावर शिल्लक दिवसांपैकी ९६ च पुढे नेता येतात, म्हणून "नंतर घेऊ" म्हणणाऱ्या नवऱ्यांनी ही तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी. बायकोच्या नाही, स्वतःच्या.