संत्र्याच्या बाटलीला नारंगी लेबल का नाही

मावशी संत्र्याचा स्क्वॅश घरी करून ओळखीपाळखीत विकते. यंदा नागपूरच्या धरमपेठेतल्या एका दुकानदाराने बाटल्या ठेवायची तयारी दाखवली, पण म्हणाला, लेबल धड पाहिजे. घरात लॅपटॉप चालवणारा मीच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी मजकूर गोळा केला. खाण्यापिण्याच्या मालावर कायद्यानेच बरंच काही लिहावं लागतं: घटक, पोषणमूल्यं, किंमत, बॅच, तारीख, पत्ता, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. त्यात मावशीची भर: गणपती, संत्र्याची फांदी, ‘घरगुती’, ‘अस्सल’, ‘एकदा पिऊन तर बघा’. सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही. म्हणून ठरवलं की लांबून फक्त ‘संत्रा स्क्वॅश’ वाचता यावं, बाटली हातात घेतल्यावर ब्रँडचं नाव, हिरवा ठिपका आणि 750 मिली, बाकी सगळं मागच्या बाजूला. शिवाय बाटली गोल, समोरून लेबलचा जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. कच्चं लेबल साध्या कागदावर छापून बाटलीला गुंडाळलं, तेव्हा कुठे नाव किती रुंद ठेवायचं ते कळलं. हे पडद्यावर कळतच नाही.

फॉन्टसाठी ‘मुक्त’ घेतला. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट मिळतो आणि बारीकपासून जाडपर्यंत सात वजनांत येतो, त्यामुळे दुसरा फॉन्ट आणायची गरजच पडली नाही. टायपोग्राफीचे बरेचसे धडे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे उचलले की मराठीची दैना होते. नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवा म्हणतात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषाच तुटते. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. ‘घटक’ची यादी मी मुद्दाम दोन ओळींनी कमी केली ती त्यासाठीच. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, तेही एकदा तपासून घ्यावं.

मग रंग. मावशी म्हणाली, “संत्र्याच्या बाटलीवर नारंगी नाही तर काय जांभळा लावून राहिला का तू?” मलाही नारंगीच हवा होता. महाल भागातल्या प्रेसमध्ये प्रूफ, म्हणजे नमुन्याची छपाई, निघालं आणि तो झगझगीत नारंगी विटकरीकडे झुकलेला, मलूल. प्रेसवाले भाऊ म्हणाले, “मॉनिटरवर दिसते तो उजेड आहे ना जी, इथं शाई आहे.” पडद्यावर लाल आणि हिरवा प्रकाश मिसळून नारंगी तयार होतो, छपाईत निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाया. त्यांच्या आवाक्यात तेवढा तेजस्वी नारंगी येतच नाही. वेगळी तयार नारंगी शाई लावता येते, पण प्रत्येक शाईला छपाईची वेगळी प्लेट लागते, म्हणजे पाचवी प्लेट आणि पाचवा खर्च. एवढ्याशा लेबलांना तो परवडणारा नव्हता.

त्यात नारंगीवर पांढरी अक्षरं दिसतही नाहीत. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मोजला तर जेमतेम 2:1. वेबसाठीच्या नियमांत साध्या मजकुराला किमान 4.5:1 धरतात. तेव्हा लक्षात आलं की नारंगी रंग बाटलीच्या आतच आहे की! काच पारदर्शक, स्क्वॅश भरलेला, वर तोच रंग थापायचा कशाला? लेबलची जमीन, म्हणजे अक्षरांमागचा रंग, मलईसारखी पांढरट ठेवली, नाव गडद हिरव्यात घेतलं. पिकलेल्या संत्र्याच्या सालीवरही बरेचदा हिरवट झाक असते, नागपूरकराला ती सांगावी लागत नाही. मावशीला बाटलीला चिकटवून दाखवलं तेव्हा ती “हं” म्हणाली. तिच्याकडून हा होकारच समजायचा.

मागचा बारीक मजकूर मात्र हिरव्यात नको, असं प्रेसवाल्यांनीच सांगितलं. तो हिरवा एकापेक्षा जास्त शायांचा. प्लेट केसभर जरी सरकली तरी काना-मात्रांना सावली येते. म्हणून तो निव्वळ काळ्या शाईत. चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जास्तीचा भाग, सोडली. त्यांच्याकडच्या जुन्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी उघडली की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जातात, म्हणून फाइल ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून दिली. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.

बाटली फ्रिजमध्ये जाणार म्हणून लॅमिनेशन घेतलं, तेही मॅट, कारण ग्लॉसीवर दुकानातल्या ट्यूबलाइटची चकाकी बरोबर नावावर येते. पण लॅमिनेशनवर तारखेच्या शिक्क्याची साधी शाई टिकत नाही, बोट फिरवलं की पुसली जाते. त्यासाठी प्लास्टिकवर चालणारी, लवकर वाळणारी शाई इतवारीतून आणली. महाग आहे, आणि झाकण उघडं राहिलं की डबीतच वाळते.