आधी खुर्ची उलटी करा : आमची वाटचाल

आमच्याकडे कुणी जुनी खुर्ची घेऊन आलं की आम्ही ती आधी सतरंजीवर उलटी ठेवतो. तिच्यावर बसत नाही, फडकंही मारत नाही. ही सवय आम्हाला एका खुर्चीने लावली, आणि ती खुर्ची आमच्याच हातून बिघडली होती.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धंदा सुरू केला तो जुन्या नाशकात, भद्रकालीजवळच्या एका गल्लीत. वाडे उतरवले जात होते. त्यांच्या खांबांचा, तुळयांचा साग अप्पा विकत घेत आणि त्यातून पलंग, देव्हारे, झोपाळे करत. जुन्या खुर्च्यांची दुरुस्ती हे जोडकाम. मी बी.कॉम. करून हिशेब बघायला आले आणि तिथेच रमले. अप्पांचा हात पॉलिशला फार चांगला. ‘ही तीच खुर्ची आहे हे गिऱ्हाइकाला ओळखू येता कामा नये,’ असं ते म्हणायचे. आम्हा सगळ्यांना त्याचाच अभिमान होता.

इंदिरानगरला राहणारे एक निवृत्त अधिकारी एकदा सागाची खुर्ची घेऊन आले. नोकरीत असताना ते चंदीगडला होते. कचेरीतलं मोडकं सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी ती भंगाराच्या भावात घेतली होती. दोन्ही बाजूंचे पाय कंपास उघडून उभा करावा तसे, बैठकीला आणि पाठीला वेत, तोही फाटलेला. पाठीमागच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या रंगात काही अक्षरं आणि एक आकडा होता. आम्ही तो आकडा घासून काढला. सबंध खुर्चीला पॉलिशपेपर मारला, मेलामाइनचं चकचकीत पॉलिश चढवलं, वेताची तयार जाळी आणून बसवली. काका खूश होऊन गेले.

पुढे दोनेक वर्षांनी मुंबईचे एक आर्किटेक्ट दुसऱ्याच कामासाठी आले होते. आमच्या कामांचे फोटो चाळताना ते या खुर्चीपाशी थांबले.

‘ताई, हिच्या मागे काही लिहिलेलं होतं का?’

‘होतं. घासून साफ केलं.’

त्यांनी अल्बम मिटला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं, त्याने आमच्या धंद्याची दिशा बदलली.

1950च्या दशकात चंदीगड उभं राहत होतं. शहराचा आराखडा करणारे आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ प्येर जानरे, तेही आर्किटेक्टच, त्या कामासाठी तिथे आले आणि 1965 पर्यंत राहिले. कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालयं या सगळ्यांना लागणारं फर्निचर त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या भारतीय आर्किटेक्टनी आखलं. त्यात युली चौधरी यांचाही मोठा वाटा होता. बनवलं मात्र वेगवेगळ्या कारखान्यांतल्या सुतारांनी, हजारोंच्या संख्येने. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तरी हाताची जाडी, पायाचा कोन थोडा इकडेतिकडे असतो. एकच कंपनी नव्हती, म्हणून कंपनीची चिठ्ठीही नाही. खात्याचं नाव आणि आकडा एवढंच, तेही कचेरीतल्या सामानाची मोजदाद राहावी म्हणून. कारकुनाच्या वहीसाठी रंगवलेला तो आकडा म्हणजे त्या खुर्चीचा जन्मदाखला होता. आम्ही त्यावर पेपर मारला होता.

नंतर या खुर्च्या गच्चीवर, आवारात ढिगाने पडल्या, लिलावात गेल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि तिकडच्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. पुरावस्तूंच्या 1972च्या कायद्याचं संरक्षण साधारण शंभर वर्षं जुन्या वस्तूंना मिळतं, यांचं वय तेवढं नव्हतं. अखेर 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. म्हणून आता कुणी ‘अस्सल चंदीगड’ म्हणून खुर्ची आणली की आमचा पहिला प्रश्न लाकडाचा नसतो. लिलावाची पावती आहे का, हा असतो. खरी खुर्ची चोरीचीही असू शकते.

आता ओळखायचं कसं, हे सविस्तर सांगते, कारण गंगापूर धरणाच्या बाजूला बंगले आणि रिसॉर्ट वाढले तसा या नमुन्याच्या खुर्च्यांचा पूर आला आहे.

पाय बघा. फरशीवर वर्षानुवर्षं सरकवलेल्या पायाचा तळ एका बाजूने जास्त झिजतो, कडा गोल होतात, रेषांमध्ये मळ घट्ट बसतो. मग हात बघा. माणसाचा तळवा जिथे टेकतो तिथला साग गुळगुळीत आणि गडद होतो, हाताच्या खालची बाजू तशी होत नाही. मुद्दाम जुनी केलेल्या खुर्चीत झीज सगळीकडे सारखी असते, जिथे कुणाचा हात कधी पोचणार नाही तिथेसुद्धा. ओरखडेही सगळे एकाच गडद रंगाचे, कारण ते एकाच दिवशी पाडून वरून रंग फिरवलेला असतो. वीस वर्षांपूर्वीचा ओरखडा आणि मागच्या दिवाळीतला ओरखडा एका रंगाचे कसे असतील?

सांध्यातून डोकावणारा डिंक बोलतो. फेविकॉल बाजारात आला 1959 मध्ये. त्याआधी सुताराकडे सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक असायचा, तपकिरी, काचेसारखा ठिसूळ, कोमट पाण्याने मऊ होणारा. फुलीच्या डोक्याचा स्क्रू दिसला तर आम्ही सावध होतो, जुन्या कामात एका खाचेचा असतो. पण इथे घाई करायची नाही. सत्तर वर्षांत खुर्ची दोन-तीनदा दुरुस्त झालेली असणारच. एक नवा स्क्रू किंवा फेविकॉलचा एक ओघळ तिला खोटी ठरवत नाही. सगळेच स्क्रू नवे आणि सगळ्याच सांध्यांत पांढरा डिंक, असं असलं तर मग विचारावं लागतं.

वेत आमचे चाचा बघतात. हाताने विणलेल्या बैठकीत चौकटीला ओळीने भोकं असतात आणि वेत त्यांतून ओवून खाली गाठवलेला असतो. तयार जाळी खोबणीत दाबून वरून पट्टी ठोकतात. चाचा खालून बोट फिरवून डोळे मिटूनही सांगतात.

पॉलिशची एक युक्ती शेजारच्या काकांनी दिली. ते नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नोटेतले धागे चमकवणारा निळसर टॉर्च त्यांनी मला दिला आणि म्हणाले, ‘बघ तुझ्या लाकडावर काय दिसतं.’ अंधार करून चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या जुन्या पॉलिशवर तो मारला, तर नारिंगी झाक आली. मेलामाइनवर ती येत नाही. तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीला काळा पडदा आहे.

परदेशी खुर्च्या कमी येतात. सातपूरच्या एका उद्योजकांनी चामड्याची ईम्स लाउंज, म्हणजे अमेरिकेतल्या ईम्स दांपत्याने आखलेल्या नमुन्याची आरामखुर्ची आणली होती, मोठ्या हौसेने घेतलेली. मूळ नमुना 1956 चा. त्याच्या खुर्चीला पाच पाय आणि पायठेवणीला चार, आणि पाठीचा कल कायम ठरलेला. यांच्या खुर्चीला चार पाय होते आणि पाठ मागे नेणारा दांडा. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, मला वाईट वाटलं. थोनेट या युरोपातल्या कारखानदारांच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं पेटंट 1869 मध्ये संपलं आणि इतर कारखान्यांनी तसाच माल उघडपणे बनवला. इराणी हॉटेलातून निघालेल्या अशा खुर्चीच्या बैठकीखाली दुसऱ्याचा शिक्का असला तर तिला नक्कल म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मध्यंतरी एक व्यापारी आला. बारा नव्या खुर्च्या, चांगल्या सागाच्या, काम नेटकं. त्याला मागे पांढरी अक्षरं हवी होती, जरा पुसट केलेली. अप्पांनी नाही म्हटलं. त्याचं वेताचं मोठं काम आमच्याकडे यायचं, ते त्या दिवसापासून बंद झालं आणि तो उन्हाळा आम्हाला फार जड गेला. आज तशाच खुर्च्या आम्हीही बनवतो. बैठकीखाली आमचं नाव आणि साल डागून कोरतो, आणि त्या आनंदाने घेणारे लोक आहेत.

इंदिरानगरच्या काकांकडे मी आणि अप्पा दोघे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी आतून एक जुना फोटो आणला. चंदीगडच्या घराच्या व्हरांड्यात त्यांची मुलगी या खुर्चीवर उलटी गुडघे टेकून बसलेली, आणि पाठीच्या पट्टीवर दोन अक्षरं स्पष्ट दिसत होती. आम्ही खुर्ची परत आणली. मेलामाइन उतरवलं, चपडा लावला, जाळी काढून चाचांकडून वेत हाताने विणून घेतला. अक्षरं पुन्हा रंगवली नाहीत. काय काय केलं त्याचा एक कागद तयार केला आणि फोटोची प्रत त्याला जोडली. सही करायला अप्पांकडे दिला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली : ‘मागचा आकडा आम्ही घासला.’