तुम्ही विचारलंत म्हणून: जुना डॅक अजून चालेल का?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "घरात नव्वदच्या दशकातला डॅक (डिजिटल आकड्यांचं ऐकण्याजोग्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर) पडून आहे, किंवा त्या काळातला चांगला सीडी प्लेअर आहे. आताच्या नव्या डॅकपुढे तो टिकेल का, की विकून टाकू?" सीडीच्या दर्जाचं संगीत ऐकायचं असेल आणि सेट धडधाकट असेल, तर टिकेल. खरी मेख धडधाकट असण्यात आहे. कन्व्हर्टरच्या चिपला वय फारसं लागत नाही, तिच्या भोवतीच्या भागांना लागतं. आणि विचारणारे मात्र चौकशी करतात ती चिपचीच.

आधी आकडे बघू. १६ बिटांतून सिद्धांतानुसार जास्तीत जास्त सुमारे ९८ डेसिबलची रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरातल्या आवाजातलं अंतर, मिळते. फिलिप्सची १९८५ ची टीडीए१५४१ आणि तिची सुधारलेली टीडीए१५४१ए या चिपा पूर्ण पातळीवर नॉइज (नको असलेला आवाज) आणि डिस्टॉर्शन (सुराची विकृती) मिळून साधारण उणे ९५ डेसिबलपर्यंत जात. आजचा चांगला टेबलावरचा डॅक उणे १२० गाठतो. कागदावर हा फरक प्रचंड आहे. आउटपुट २ व्होल्ट धरलं, तर जुन्याचा कचरा ३६ मायक्रोव्होल्टच्या आसपास, नव्याचा २ मायक्रोव्होल्ट. पण हे खोलीत ऐकायचं आहे. रात्री शांत असलेल्या खोलीतही ३० डेसिबलचा आवाज असतोच, पंखा चालू असेल तर आणखी. स्पीकरवर सगळ्यात जोरातला क्षण १०० डेसिबलचा धरा. त्याच्या ९५ डेसिबल खाली म्हणजे ५ डेसिबल, खोलीच्या स्वतःच्या आवाजाच्या कितीतरी खाली. म्हणून या २५ डेसिबलच्या प्रगतीसाठी स्पीकरवर ऐकणाऱ्याने पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. अपवाद फार संवेदनशील इअरफोनचा. त्यात जुन्या सेटच्या हेडफोन सॉकेटची हिस् सरळ ऐकू येते.

अर्थात "जुना" म्हणजे किती जुना, हे बघावं लागतं. ऑक्टोबर १९८२ मध्ये आलेल्या सोनी सीडीपी-१०१ मध्ये दोन्ही चॅनेलसाठी एकच कन्व्हर्टर आळीपाळीने वापरला होता, त्यामुळे डावा-उजवा यांत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडे. शिवाय २० किलोहर्ट्झच्या लगेच वर आवाज कापण्यासाठी खूप तीव्र अ‍ॅनालॉग फिल्टर लागे. फिलिप्सने सुरुवातीला १४ बिटांची चिप घेऊन चौपट ओव्हरसॅम्पलिंग (मधले नमुने गणिताने भरून वेग वाढवणं) आणि नॉइज शेपिंगच्या (नॉइज ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर सरकवण्याच्या) जोरावर १६ बिटांची कामगिरी काढली. ती फार हुशारीची वाट होती आणि पुढे सगळं जग त्याच वाटेने गेलं. पहिल्या दोन-तीन वर्षांतले हे सेट संग्रहासाठी ठेवावेत. रोज ऐकण्यासाठी १९८८ नंतरचं काहीतरी बघा.

त्या काळच्या मल्टिबिट, म्हणजे प्रत्येक बिटासाठी वेगळं वजन वापरणाऱ्या, कन्व्हर्टरची खरी कमजोरी हळू आवाजात दिसते. सिग्नल शून्यातून जातो तेव्हा सगळ्यात मोठा बिट उलटतो, आणि त्या एका बिटाचं वजन ३२,७६८ पायऱ्यांचं. त्यात अर्ध्या पायरीपेक्षा कमी चूक हवी असेल तर अचूकता ०.००१५ टक्क्यांच्या आत लागते. फिलिप्सने आतले करंट सतत अदलाबदल करून चूक सरासरीत विरवली. बर-ब्राउन या चिप बनवणाऱ्या कंपनीने रोधक लेझरने कापून जुळवले, आणि पीसीएम५६ सारख्या चिपेला मोठ्या बिटाच्या दुरुस्तीसाठी वेगळी पिन दिली. तिथे बोर्डावर छोटा ट्रिमपॉट दिसतो. तो "बघू तरी" म्हणून फिरवू नका. मोजमापाशिवाय तो जागेवर परत येत नाही. आजचे डेल्टा-सिग्मा कन्व्हर्टर मोजक्याच पायऱ्या मेगाहर्ट्झच्या वेगाने वापरतात आणि नॉइज ऐकू येण्याच्या पट्ट्याबाहेर ढकलतात, म्हणून हा दोष त्यांच्यात मुळातच उरत नाही.

याची परीक्षा घरी होते. ५०० हर्ट्झचा, डिदर केलेला (मुद्दाम किंचित नॉइज मिसळलेला), उणे ६० डेसिबलपासून विरत जाणारा सूर १६ बिटांच्या फाइलमध्ये तयार करा आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. सूर गुळगुळीतपणे हिसमध्ये विरला पाहिजे. शेवटी शेवटी तो खरखरला, किंवा विरता विरता एकदम तुटला, तर लिनिअ‍ॅरिटी, म्हणजे पायऱ्यांचा सारखेपणा, गेलेली आहे. ऐकून झालं की आधी आवाज खाली आणा, मगच दुसरं काही लावा. नुसती शांतता वाजवून नॉइज तपासण्यात अर्थ नाही, कारण बरेच सेट सलग शून्य आले की आउटपुट म्यूट करतात आणि आकडा खोटाच चांगला येतो.

फिल्टरच नसलेल्या जुन्या चिपांच्या डॅकबद्दलही बरेच जण विचारतात, विशेषतः टीडीए१५४३ वरच्या किटबद्दल. त्यांचा आवाज "मऊ" वाटतो हे खरं आहे, आणि त्याचं कारण मोजता येतं. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ या नमुन्यांच्या वेगावर ओव्हरसॅम्पलिंग नसेल तर १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबल घट होते. शिवाय २० किलोहर्ट्झच्या सुराची सावली २४.१ किलोहर्ट्झवर उमटते, मूळ सुरापेक्षा जेमतेम दीड डेसिबल खाली. ती आपल्याला ऐकू येत नाही, पण पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला ती पेलावी लागते. आवडत असेल तर जरूर ऐका. त्याला जास्त अचूक मात्र म्हणू नका.

एका बाबतीत जुना सेट नव्याला सरळ हरवतो, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर, त्यातही जपानी छपाईच्या, प्री-एम्फसिस असतो. रेकॉर्ड करताना वरचे सूर वाढवलेले असतात आणि प्लेअरने ते उतरवायचे असतात. जुने प्लेअर आणि डॅक सीडीवरची खूण ओळखून हे काम मुकाट्याने करतात. संगणकावर रिप केलं की ती खूण सहसा मागे राहते, आणि यूएसबीने जोडलेल्या डॅकला ती कळतच नाही. मग २० किलोहर्ट्झच्या आसपास साडेनऊ डेसिबलची वाढ तशीच राहते आणि लोक म्हणतात, "सुरुवातीच्या सीडी कर्कश होत्या." अशी फाइल असेल तर सॉक्स (SoX) या मोफत प्रोग्रॅममध्ये डीएम्फ (deemph) ही आज्ञा आहे, ती एकदा चालवली की सूर जागेवर येतात.

नव्याची बाजू भक्कम आहे ती सोयीत. १६ बिटांच्या डॅकला संगणकावरून आवाज कमी करून पाठवला, तर २४ डेसिबल खाली आणल्यावर हातात १२ बिटच उरतात. म्हणून संगणकाचा आवाज पूर्ण ठेवा आणि अ‍ॅम्प्लिफायरवर कमी करा. २४ बिटांच्या नव्या डॅकला ही अडचण नाही. जुन्या यूएसबी डॅकमध्ये पीसीएम२७०४ सारखी चिप असेल तर १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जाता येत नाही. कोएक्सिअल इनपुट असेल तर आत कोणती रिसीव्हर चिप (बाहेरून आलेला डिजिटल सिग्नल उलगडणारी) आहे ते बघा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची यामाहा वायएम३६२३ असेल तर जिटर (नमुन्यांच्या वेळेतली थरथर) जास्त. क्रिस्टलची सीएस८४१२ बरीच शांत, पण तिची मर्यादा ४८ किलोहर्ट्झ. ९६ किलोहर्ट्झची फाइल पाठवली की डॅक गप्प बसतो आणि माणसाला तो बिघडल्यासारखा वाटतो. संगणकात ४४.१ निवडून बघा.

आता भोवतीच्या भागांकडे येऊ, कारण इथेच सेट मरतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून सुकतात आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळे हीटसिंकला चिकटून बसलेले आधी जातात. टीडीए१५४१ए ला +५, −५ आणि −१५ असे तीन पुरवठे लागतात. सेट सुरू ठेवून मल्टिमीटरने रेग्युलेटरच्या पिनांवर ते मोजा. ७८०५ वर ४.८ ते ५.२ व्होल्ट, ७९१५ वर उणे १४.४ ते १५.६ यायला हवेत. मग मीटर एसीवर करून तिथेच रिपल (पुरवठ्यात उरलेली एसीची लहर) बघा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसला तर मुख्य कपॅसिटर संशयित, आणि स्पीकरमधली १०० हर्ट्झची गुणगुणही त्याचीच. वीजपुरवठ्याच्या भागात २३० व्होल्ट उघडे असतात, ज्याला सवय नाही त्याने हे काम मेकॅनिककडेच द्यावं.

बदलताना प्लग काढा, मोठा कपॅसिटर १ किलोओहमच्या रोधकातून रिकामा करा आणि मीटरने शून्य आलं की नाही ते बघूनच हात घाला. नवा तितक्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा, १०५ अंशांचा घ्या. पिनांतलं अंतर आणि जाडी आधी मोजून न्या, नाहीतर मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची, लॅमिंग्टन रोडची, दुसरी फेरी ठरलेली. चिपच्या अगदी भोवती असलेले १०० नॅनोफॅरडचे चौदा छोटे फिल्म कपॅसिटर क्वचितच बिघडतात, त्यांना हात लावू नका. नव्वदच्या सुमाराचे बोर्डाला चिकटलेले छोटे इलेक्ट्रोलायटिक मात्र गळतात. मासळीसारखा वास आणि हिरवट, निस्तेज सोल्डर दिसलं की सगळे काढा, बोर्ड आयसोप्रोपिलने पुसा आणि खालचे ट्रॅक शाबूत आहेत का ते तपासा. एक चॅनेल दबका येत असेल तर आउटपुटचा म्यूट रिले किंवा म्यूट ट्रान्झिस्टर बघा. कोकणासारख्या दमट हवेत रिलेचे संपर्क फार लवकर काळे पडतात. ऑपॅम्प (आउटपुटचा सिग्नल वाढवणारी चिप) बदलण्याची घाई नको. एनई५५३४ च्या जागी फार वेगवान ऑपॅम्प बसवला आणि जवळ डीकपलिंग (पुरवठा स्थिर ठेवणारा कपॅसिटर) नसेल तर तो ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सूर काढू लागतो.

दुरुस्तीनंतर नव्याशी तुलना करायची तर पातळी जुळवल्याशिवाय करू नका. एकाचं आउटपुट २ व्होल्ट आणि दुसऱ्याचं २.३ असेल तर दुसरा सव्वा डेसिबलने मोठा, आणि मोठा तो नेहमी "जास्त खुला" वाटतो. ४०० हर्ट्झचा सूर लावा (साधे मल्टिमीटर वरच्या वारंवारितेला चुकतात), स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट वाचा आणि दोन्ही एक टक्क्याच्या आत आणा. मग दुसऱ्या कोणालातरी बदलायला सांगा आणि कोणता चालू आहे ते न बघता ऐका.

रेकॉर्डिंगच्या बाजूचं, म्हणजे अ‍ॅनालॉगमधून डिजिटल करणाऱ्या कन्व्हर्टरचं गणित वेगळं आहे. तिथे ऐंशीच्या दशकापासूनची प्रगती मोठी आहे, आणि आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर नवाच घ्या. २४ बिट असले की पातळी १५ डेसिबल खाली ठेवून निर्धास्त राहता येतं. जुन्या कॅसेटी उतरवायच्या असतील तर टेपची हिसच इतकी असते की कोणताही धड कन्व्हर्टर पुरतो. फायरवायरचे (यूएसबीसारखी एक जुनी जोडणी) जुने रेकॉर्डिंग इंटरफेस आवाजाला उत्तम असले तरी ड्रायव्हर मिळतो का, ते आधी बघा.

जुना डॅक विकत घेत असाल तर दोन गोष्टी तपासा. टीडीए१५४१ए च्या मुकुट छापलेल्या एस१ प्रती आणि पीसीएम१७०४ यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. साध्या चिपेवरची छपाई घासून नवी केलेली असते, म्हणून सुट्या चिपेपेक्षा तिच्यासकट आलेला मूळ सेट घ्या. आणि सेट जपानमधून आला असेल तर मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो आपल्या २३० व्होल्टला लावला की ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज तत्काळ जातो. २३० चे १०० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, डॅकच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा, आणि तो सेटपासून हातभर लांब ठेवा.