आरोग्य योजनेचे कागद जूनमध्येच जुळवा, शाळेतच

महाराष्ट्रात ‘आमच्याकडे विमा नाही’ असं सांगणाऱ्या बहुतेक पालकांकडे विमा असतो, कागद नसतात. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही सुटली. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही चालतं. रेशनकार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्राची वाट आहे. म्हणजे ‘आपण पात्र आहोत का’ हा प्रश्न जवळपास निकालात निघाला. उरला तो ‘पोराचं नाव नेमकं कुठे, कसं लिहिलंय’ हा. आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायला शाळेइतकी सोयीची दुसरी जागा नाही. वर्षातून एकदा तरी पालक शाळेत येतोच, येताना आधारची झेरॉक्स घेऊन येतो, आणि वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

म्हणून हे काम जूनमध्ये, प्रवेशाच्या गडबडीतच उरकावं. वर्गाच्या यादीला चार रकाने वाढवायचे: रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर, मुलाचं नाव त्या कार्डावर आहे की नाही, आधारला मोबाइल जोडलाय की नाही, आणि आयुष्मान कार्ड (केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचं) निघालंय की नाही. बाकी काही विचारू नका. कुणाला कोणता आजार आहे हे भर वर्गात विचारायची गोष्ट नव्हे. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे शाळेच्या कपाटात साठवायचे नाहीत, आणि पालकाचा ओटीपी शिक्षकाने स्वतःच्या फोनवर मागून घ्यायचा नाही. चांगल्या हेतूने केलं तरी उद्या त्याच पालकाच्या खात्यातून पैसे गेले, तर पहिला संशय शाळेवर येतो.

सगळ्यात जास्त अडतं ते रेशनकार्डावर. मुलगा चौथीत गेला तरी त्याचं नाव कार्डावर चढलेलं नसतं, कारण आईचंच नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं. आधी माहेरच्या तहसीलमधून (शहरात शिधावाटप कार्यालयातून) नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग सासरच्या कार्डावर आईचं नाव चढवायचं. मुलाचा अर्जही त्याच फेरीत द्यावा: जन्मदाखला, मुलाचं आधार आणि मूळ रेशनकार्ड. जन्मदाखला हरवला असेल तर शाळेचं बोनाफाईड जोडून बघावं, काही ठिकाणी मान्य करतात. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नाव कमी केल्याच्या या एका दाखल्यासाठी दोन-दोन महिने जातात. जूनमध्ये सुरुवात करायची ती यासाठीच.

दुसरं दुखणं नावाचं. समजा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘सार्थक बाळू कांबळे’ आहे, आधारवर ‘सार्थक बालाजी कांबळे’ आणि रेशनकार्डावर नुसतंच ‘सोनू’. घरातल्या माणसाला तिन्ही एकच, संगणकाला तीन वेगळी पोरं. अपार आयडीच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाच्या निमित्ताने शाळेचं नाव आणि आधारचं नाव जुळवायची कटकट शाळांनी आधीच सोसली आहे, आता फक्त रेशनकार्ड त्या रांगेत आणायचं. दुरुस्ती करताना आधार प्रमाण धरावं आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे करावेत. उलट केलं की एक जुळवताना दुसरं बिघडतं. मात्र आधारवरचं नावच जन्मदाखल्याशी जुळत नसेल, तर आधी आधार दुरुस्त करा. तेच चुकीचं ठेवून पुढे गेलात तर दहावीच्या फॉर्मच्या वेळी पुन्हा तोच घोळ समोर येतो.

तिसरं म्हणजे बोटांचे ठसे. पाच वर्षांखालच्या बाळाचं आधार ठशांशिवाय निघतं. पुढे पाच वर्षं झाल्यावर आणि पुन्हा पंधरा झाल्यावर ठसे, डोळे आणि फोटो अद्ययावत करावे लागतात. ते राहून गेलं की ई-केवायसीच्या, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याच्या वेळी यंत्रावर बोट कितीही दाबा, जुळत नाही. पहिलीत आणि दहावीत येणाऱ्या मुलांना हे आवर्जून विचारावं.

हे एवढं झालं की आयुष्मान कार्ड काढणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आयुष्मान अ‍ॅपमध्ये ‘लाभार्थी’ म्हणून मोबाइल नंबरने आत जायचं, राज्य आणि जिल्हा निवडायचा, आधार किंवा कुटुंबाच्या क्रमांकाने शोधायचं. घरातली सगळी नावं खाली उमटतात. ज्याचं कार्ड नाही त्याच्यासमोरच्या ई-केवायसीवर जाऊन ओटीपी, बोट किंवा चेहरा यांपैकी एकाने ओळख पटवायची, फोटो काढायचा आणि पाठवायचं. नाव नीट जुळलं तर कार्ड लवकर येतं, नाही जुळलं तर अर्ज तपासणीत अडकतो. ओटीपी येत नसेल तर नव्वद टक्के भानगड जुन्या सिमकार्डाची, हे आमचं आपलं अनुभवी अनुमान. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो, नाहीतर ज्या दुकानात आधार काढलं त्या दुकानदाराचा असतो. आशाताईंना पालकसभेच्या दिवशी बोलावून घेतलं तर बरीचशी कार्डं तिथेच होतात. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांच्या मदतीसाठी बसणारा आरोग्यमित्रही मदत करतो. पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

शोधल्यावर कुटुंब यादीत सापडलंच नाही, असंही होतं. तिथे पालक हिरमुसून घरी जातात, आणि ही मोठी चूक आहे. आयुष्मानची यादी केंद्राच्या निकषांवर बनलेली आहे. त्यात नाव नसलं तरी राज्याची फुले योजना आहेच, आणि तिच्यासाठी रेशनकार्ड व आधार घेऊन गेलं तरी भागतं. दोन्ही योजना महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून एकत्र राबवल्या जातात, खिडकी एकच आहे. शासकीय आश्रमशाळेतल्या आणि शासकीय अनाथालयातल्या मुलांचा तर योजनेत वेगळा गटच आहे, त्यांना घरच्या रेशनकार्डासाठी अडवण्याचं कारण नाही. मुख्याध्यापकांनी ओळखपत्र तेवढं तयार ठेवावं.

रुग्णालयात मात्र क्रम चुकवू नका. योजना ‘कॅशलेस’ आहे. आधी खिशातून भरायचं आणि मग बिल दाखवून परत घ्यायचं, असं यात होत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राच्या टेबलाशी जायचं. निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून विचारायचं की हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि आपल्याला हव्या त्या विभागासाठी आहे का. हाडांसाठी यादीत असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. अपघात किंवा तातडीचा प्रसंग असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू होतात आणि कागद मागाहून देता येतात, पण हे आरोग्यमित्राला तिथल्या तिथे सांगावं लागतं. आणि ताप, खोकला, चष्मा, ओपीडीची औषधं यात बसत नाहीत. हे पालकसभेत स्पष्ट सांगून टाकावं, नाहीतर ‘कार्ड काढलं आणि काही उपयोग नाही’ अशी बोंब गावभर होते.

आता शाळेतल्या तपासणीबद्दल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे ते बघतात. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, कमी ऐकू येणं यांसारख्या गोष्टी पहिल्यांदा इथेच लक्षात येतात, आणि त्यातल्या बऱ्याच शस्त्रक्रिया फुले योजनेतून होऊ शकतात. पण तपासणी आणि योजना यांच्यामधला दुवा शाळाच आहे, आणि तो तुटतो. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी मुलाच्या दप्तरात चुरगळते किंवा कपाटात पडून राहते. त्या दिवशी गैरहजर असलेलं पोर तर पुढच्या वर्षापर्यंत सुटतंच, आणि वारंवार आजारी पडून गैरहजर राहणाऱ्याचीच तपासणी खरं तर आधी व्हायला हवी. गैरहजर मुलांची यादी त्याच संध्याकाळी पथकाच्या डॉक्टरांना द्यावी. चिठ्ठी पालकाच्या हातात द्यावी, तारीख लिहून. त्याच वेळी त्या एका घराचं रेशनकार्ड सगळ्यांच्या आधी तपासावं. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) शिबिराची तारीख आली आणि मुलाचं नाव कार्डावर नाही, असं व्हायला नको.

काही घरांत वेगळं संरक्षण असतं आणि त्यांना ते माहीत नसतं. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, कारखान्यातले हेल्पर यांना पगाराच्या चिठ्ठीवर ‘ईएसआय’ची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात दिसते का, एवढं विचारा. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना, आस्थापना कायद्यात बसत असेल तर, ईएसआय लागू होते आणि तिच्यात मुलंही येतात. शिवाय तिथे ओपीडी आणि औषधंही मिळतात, जे फुले योजनेत नाही. अडचण एकच, भरतीच्या वेळी कुटुंबाची नोंदच केलेली नसते. बांधकाम मजुरांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीतून लाभ मिळतात, पण ती नोंदणी जिवंत लागते आणि त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. कशातच बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा आहेत, दहा टक्के निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. तिथे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हाताशी हवा.

शाळेत असताना किंवा एरवीही विद्यार्थ्याला अपघात झाला, तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान वेगळं आहे. पहिली ते बारावीसाठी, प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. हा आरोग्य विमा नाही, भरपाई आहे. पोलिसांत नोंद आणि पंचनामा त्याच वेळी झाला नाही, तर नंतर प्रस्ताव उभाच राहत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काम दसऱ्याआधी संपवा. कोल्हापूर-सांगलीकडच्या फडावर जाणाऱ्यांना रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यायला सांगा, फुले योजना राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात चालते. पण टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणार असेल तर रेशनकार्डावर विसंबून चालत नाही. तिथे आयुष्मान कार्डच लागतं, ते देशभर कुठल्याही यादीतल्या रुग्णालयात चालतं. म्हणून वर्गात अशी मुलं असतील तर कार्डाच्या रांगेत त्यांचा नंबर पहिला लावा.